मन्नारच्या आखातातील शैवलतोडणी : हंगाम कोण ठरवितो?

शेतीच्या हंगामाचे नियमन ऋतू करतो, हे सर्वविदित आहे. समुद्रातील शैवलाच्या बाबतीत मात्र हंगाम अंशतः मनुष्याने घालून घ्यावा लागतो. तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यातील किनारी गावांचा अनुभव या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

या किनाऱ्यावर 1966 पासून व्यापारी प्रमाणावर शैवल काढले जाते. सरगॅसम या तपकिरी शैवलाची तोडणी साधारणतः ऑगस्ट ते जानेवारी या काळात होते. त्यापासून मिळणारे अल्जिनेट आइस्क्रीमसारख्या पदार्थांना दाटपणा आणते. याउलट जेलिडिएला व ग्रॅसिलारिया ही तांबडी शैवले वर्षभर हाती लागतात. त्यांपासून अगर तयार होते. आपल्या स्वयंपाकघरात हेच ‘चायना ग्रास’ या नावाने परिचित आहे. ग्रॅसिलारियाच्या एका जातीस तेथे ‘कंजी पासी’ म्हणतात, कारण तिची पेजही करीत असत.

तोडणीचे काम मुख्यतः कोळी समाजातील स्त्रिया करतात. डोळ्यांवर पाणचष्मा, बोटांना गुंडाळलेल्या चिंध्या आणि कमरेला जाळीची पिशवी एवढीच त्यांची साधने. अमावास्या व पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीचे पाणी अधिक खोल उतरते व खडक सहज हाती येतात. म्हणून दोन्ही वेळी सहा-सहा, असे महिन्यातून 12 दिवसच तोडणी करण्याचा नियम या स्त्रियांनी स्वतः घालून घेतला. एप्रिलच्या मध्यापासून 45 दिवस काम बंद ठेवणे आणि धातूच्या खरवडण्यांऐवजी हाताने खुडणे, हेही त्यांनी ठरविले. यामागील कारण वनस्पतिशास्त्रीय आहे. खडकाला धरून राहिलेला तळभाग शाबूत असेल, तर त्यातूनच नवी वाढ होते. तो खरवडला गेल्यास ती जागा ओसाड पडते. वर्षभर उपलब्ध असणाऱ्या वनस्पतीला विसावा मिळतो तो केवळ अशा संयमामुळे.

1986 मध्ये येथील 21 बेटांच्या परिसरात सागरी राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये राष्ट्रीय उद्यानातील वनस्पती काढण्यास प्रतिबंध आहे. परिणामी पिढीजात चरितार्थ एकाएकी गुन्ह्याच्या कक्षेत आला. प्रवाळांच्या रक्षणाची निकड निर्विवाद आहे. परंतु सरसकट बंदी ही हाताने खुडणारी व खडक खरवडणारी, या दोघींत भेद करीत नाही. चिन्नपालम येथील लक्ष्मी यांना 2015 साली सीकॉलॉजी पारितोषिक मिळाले, तेव्हा या स्त्रियांच्या स्वयंनियमनाची जगाने दखल घेतली.

सारांश, शैवलाचे रक्षण व त्यावर जगणाऱ्यांचे रक्षण हे दोन परस्परविरोधी प्रश्न मानण्याचे कारण नाही. ज्यांचे उद्याचे अन्न त्या तळभागावर अवलंबून आहे, त्यांनी घातलेला नियम हा संवर्धनाचाच एक प्रकार होय. कायद्याने त्यास मान्यता कशी द्यावी, हा पुढील अभ्यासाचा विषय ठरतो.