डॉक्टर व्हायचंय, मग अकरावी कुठे?

'लासलगावात राहून पोरगी डॉक्टर होत नाही, तिला राजस्थानात कोटा शहरी धाडा.' दहावीच्या निकालानंतर हा सल्ला इथे हमखास मिळतो आणि कांद्याला भाव मिळालेला असला, तर बाप तयारीलाही लागतो. त्याला कुणीतरी आधी सांगायला हवं, की महाराष्ट्रातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यात असतात. त्यासाठी अधिवास प्रमाणपत्र लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण असावी लागते. सरकारी नोकरांच्या मुलांसारखे मोजके अपवाद आहेत, शेतकऱ्याच्या मुलीला ते लागू नाहीत. बारावी राजस्थानच्या शाळेतून झाली, तर आपल्याच राज्यातल्या या जागांवरचा तिचा हक्क जातो. हे बहुतेकांना प्रवेशाच्या वेळी कळतं, तेव्हा हाती काही उरलेलं नसतं.

लातूरला हा धोका नाही. तिथल्या राजर्षी शाहू, दयानंद महाविद्यालयांनी नाव कमावलंय. मात्र 'तिकडे बारावी केली की मराठवाड्याच्या जागा मिळतात' हे आता खरं नाही. विभागातल्या विद्यार्थ्यांसाठी ७० टक्के जागा राखणारं ७०:३० चं ते सूत्र सप्टेंबर २०२० मध्येच रद्द झालं.

कॉलेजचं नाव गुणवत्ता यादीत कुठेही धरत नाहीत. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचे ७२० गुण, त्यांतले ३६० जीवशास्त्राचे, क्रम त्यावरच लागतो. पण म्हणून 'बारावीला काय महत्त्व, कॉलेज नावापुरतं असू दे' असंही म्हणू नका. भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्या गटाला ५० टक्के, राखीव गटाला ४० टक्के गुण लागतातच. बोर्डाच्या परीक्षेत या तिन्ही विषयांना प्रत्येकी ३० गुणांचं प्रात्यक्षिक असतं. सूक्ष्मदर्शकाला डोळा न लावता डॉक्टरकीची तयारी करणं मला तरी पटत नाही.

लासलगावहून रोज क्लाससाठी नाशिकला जाऊन-येऊन शंभराहून जास्त किलोमीटर होतात. तेवढा वेळ घरी एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं वाचण्यात गेला, तर फायदा अधिक. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतूनही घेता येते, फक्त मजकुरात शंका आली तर इंग्रजीच प्रमाण धरतात.

अर्ज भरण्याआधी एकदा कॉलेजात जाऊन या. प्रयोगशाळा उघडी आहे का ते पाहा आणि तास खरंच होतात का, हे बारावीतल्या मुलांनाच विचारा.