मॅपची रुजुवात : इंजिनाच्या तक्त्यांविषयीचे काही गैरसमज

पुणे–सातारा महामार्गावर नसरापूर फाट्याला वळून वेल्ह्याच्या चढणीला लागणारी, अथवा भोरवरून वरंध घाटाने महाडकडे उतरणारी जी आधुनिक डिझेल वाहने आपण पाहतो, त्यांच्या इंजिनात कोणत्या क्षणी किती इंधन आणि किती दाबाने सोडावयाचे याचा निर्णय ईसीयू नावाची एक लहानशी पेटी करीत असते. त्यासाठी तिच्या स्मृतीत अंकांचे शेकडो तक्ते साठविलेले असतात आणि त्यांनाच ट्यूनिंग करणारे कारागीर ‘मॅप’ म्हणतात. परंतु त्या स्मृतीत कोणत्याही तक्त्यावर नाव लिहिलेले नसते. तेथे असते ती केवळ अंकांची सलग रांग. कोणत्या पत्त्यापासून कोणता तक्ता सुरू होतो, त्यात ओळी व रकाने किती, प्रत्येक अंक किती बाइटचा आणि त्याला कोणत्या गुणकाने गुणावयाचे, हे सांगणारा जाबता संगणकावरील स्वतंत्र फाइलीत असतो. तीच डेफिनिशन फाइल होय. हा जाबता आणि ती स्मृती यांचा मेळ चुकला म्हणजे पडद्यावर जे दिसते त्याविषयी बरेच गैरसमज रूढ आहेत.

गैरसमज : गाडी तीच, इंजिन तेच, म्हणजे डेफिनिशनही तीच चालेल.

वस्तुस्थिती : डेफिनिशन गाडीच्या नावाला बांधलेली नसते, ती ईसीयूमधील सॉफ्टवेअरच्या क्रमांकाला बांधलेली असते. कंपनीने मध्यंतरी एखादी सुधारणा केली आणि स्मृतीच्या मध्यभागी काही बाइट नव्याने घातले, तर त्यांच्या अलीकडचे तक्ते जागच्या जागी राहतात आणि पलीकडचे सर्व तक्ते पुढे सरकतात. म्हणून फाइल उघडताच पहिले काम हे की, ईसीयूतून वाचलेला सॉफ्टवेअर क्रमांक डेफिनिशनमधील क्रमांकाशी अक्षरशः ताडून पाहावा.

गैरसमज : आलेख गुळगुळीत दिसला, म्हणजे मॅप बरोबर जुळला.

वस्तुस्थिती : हा सर्वांत घातक समज असल्यामुळे त्याचा तपशील पाहणे अगत्याचे आहे. समजा, फेऱ्यांचा अक्ष ७५०, १०००, १२५० असा आहे आणि प्रत्येक अंक दोन बाइटचा आहे. हेक्स पद्धतीत ती रांग ०२ ईई, ०३ ई८, ०४ ई२ अशी होते. पत्ता एका बाइटने पुढे सरकला, तर संगणक ईई०३ आणि ई८०४ असे अंक वाचतो, म्हणजेच ६०९३१ आणि ५९३९६; ही चूक कोणाच्याही नजरेत तत्काळ भरते. परंतु तोच पत्ता दोन बाइटने सरकला, तर अक्ष १००० पासून सुरू होतो, चढता राहतो आणि पाहणाऱ्याला पूर्णपणे विश्वसनीय वाटतो. वस्तुतः मात्र प्रत्येक मूल्य आपल्या शेजाऱ्याच्या रकान्यात जाऊन बसलेले असते. अशा वेळी तक्त्याची कड पाहावी. प्रत्येक ओळीच्या शेवटच्या रकान्यात पुढच्या ओळीचे पहिले मूल्य येऊन पडत असल्यामुळे आलेखाच्या एका बाजूला अकारण कडा तुटलेला दिसतो. सोळा रकान्यांचा तक्ता पंधरा रकान्यांचा समजून वाचला, तर संपूर्ण पृष्ठावर तिरप्या वरंबा-सऱ्या उमटतात. म्हणून गुळगुळीतपणाची साक्ष पुरेशी न मानता अक्ष, कड आणि मूल्यांचे परिमाण या तिन्ही गोष्टी तपासाव्यात.

गैरसमज : एक ऑफसेट, म्हणजे सर्व पत्त्यांना लावलेला एकच ठरावीक फरक, देऊन सर्व मॅप एकदम सरळ होतात.

वस्तुस्थिती : काही प्रसंगी हे खरे असते. बॉशच्या ईडीसी १७ या श्रेणीत ट्रायकोर प्रोसेसर स्मृतीचा पत्ता हेक्स ८००००००० पासून मोजतो आणि फाइलीत मात्र तीच मोजणी शून्यापासून होते. तेवढा फरक वजा केला की काम भागते. तथापि, वाचणाऱ्या उपकरणाने संपूर्ण स्मृतीऐवजी तिचा केवळ एक भाग उतरवून घेतला असेल, किंवा तक्ते वेगवेगळ्या अंतरांनी सरकले असतील, तर एकच ऑफसेट निम्मे मॅप सुधारून उरलेले निम्मे बिघडवितो. यासाठी स्मृतीच्या आरंभाचा, मध्याचा आणि अखेरचा असे तीन ओळखीचे मॅप जुळले, तरच ऑफसेट ग्राह्य धरावा.

बाइटांचा क्रम ही तर ऑफसेटहून निराळीच बाब आहे. ईडीसी १६ मध्ये मोठा बाइट आधी येतो, ईडीसी १७ मध्ये लहान बाइट आधी येतो. हा क्रम उलटा धरला, तर ८५० हा साधा अंक २०९९५ असा दिसतो आणि पत्ता कितीही हलविला तरी तो दुरुस्त होत नाही.

गैरसमज : चेकसम बरोबर आला, म्हणजे फाइल निर्दोष आहे.

वस्तुस्थिती : चेकसम ही बेरजेची खूण आहे. फाइलीतील अंक आणि ती खूण परस्परांशी जुळतात, एवढाच तिचा दाखला. चुकीच्या तक्त्यात केलेला बदलही चेकसम नव्याने मांडला की विनातक्रार स्वीकारला जातो. बदल योग्य जागी झाला की नाही, हे ठरविण्याचा अधिकार त्या खुणेला नाही.

गैरसमज : घाटात गाडी ओढत नाही, म्हणजे मॅपच बदलावयास हवा.

वस्तुस्थिती : महाड समुद्रसपाटीच्या निकट आहे आणि भोर सुमारे ६०० मीटर उंचीवर. प्रमाण वातावरणात एवढ्या उंचीला हवेचा दाब १०१३ वरून सुमारे ९४३ हेक्टोपास्कलवर येतो, म्हणजे घट जेमतेम सात टक्के. ही घट वातावरणीय दाबाचा सेन्सर मोजतो आणि तिच्यानुसार दुरुस्ती करणारे तक्ते आधुनिक ईसीयूमध्ये मुळातच असतात. तेव्हा प्रथम एअर फिल्टर, टर्बोचे होज, इंधनाचा फिल्टर आणि तो सेन्सर यांचीच तपासणी करावी. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने वाहनातील फेरबदलांवर निर्बंध घातले आहेत, याचेही भान मालकाने ठेवलेच पाहिजे.

गैरसमज : डेफिनिशन चुकली, तर ईसीयू बिघडतो.

वस्तुस्थिती : चुकीच्या डेफिनिशनने नुसते वाचल्याने ईसीयूतील एक बाइटही बदलत नाही. अनर्थ घडतो तो तिच्यावर विसंबून केलेला बदल ईसीयूत लिहिला असता. टर्बोच्या दाबाचा समजून जो तक्ता वाढविला तो वस्तुतः इंधनाच्या मर्यादेचा निघाला, तर काळा धूर, बेसुमार तापलेला एक्झॉस्ट आणि टर्बो व पिस्टनची हानी यांना आमंत्रण मिळते.

भोर ज्या पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी होते, त्यांच्या सचिवपदाचे शिवकाळापासूनचे मुख्य काम म्हणजे राजपत्रे वाचून त्यांतील अधिकउणे शुद्ध करणे आणि महालांचे हिशेब तपासणे. मजकूर तपासल्याखेरीज पत्र रवाना करू नये, ही त्या दप्तराची शिस्त मॅपच्या कामालाही तंतोतंत लागू पडते. मूळ फाइल वेगळी जपून ठेवावी. सॉफ्टवेअर क्रमांक, बाइटांचा क्रम, पत्ता, ओळी व रकाने, अक्ष आणि गुणक यांची ह्याच क्रमाने रुजुवात करावी. आणि चालत्या इंजिनाच्या नोंदींत दिसणारी मूल्ये तक्त्यातील मूल्यांशी जुळल्यावाचून एकही अंक बदलू नये. पडद्यावर मॅपचे जे नाव दिसते तो कोणा अज्ञात माणसाने केलेला दावा असतो; आणि घाटाच्या वळणांवरून माणसे घेऊन जाणारे वाहन ज्याच्या हवाली केलेले आहे, त्या कारागिराने तो दावा स्वतः तपासल्यावाचून मान्य करणे हा कर्तव्यभंगच समजला पाहिजे.