आजोबा नेमके कुठून आले? : जर्मन स्थलांतर आणि कागदांची साखळी

पेट झाली, आता विषय ठरवायचाय, आणि गाईड म्हणतायत "आधी साधनं बघ, मग प्रश्न बोल." तुमच्यापैकी बरेच जण या टप्प्यावर असणार. तेव्हा आज साधनांबद्दल बोलू, पण कोरडं नको. एक घराणं घेऊ आणि त्याचा माग काढू. घराणं सगळ्यांना माहीत असलेलं आहे, ट्रम्प यांचं. राजकारण बाजूला ठेवा. आपल्याला हवी आहे ती तीन पिढ्यांची कागदपत्रं, आणि त्यांच्या शेजारी उभी असलेली एक घरगुती गोष्ट.

ती गोष्ट अशी, की आमचं घराणं मूळचं स्वीडनचं. डोनाल्ड ट्रम्प यांचे वडील फ्रेड कित्येक वर्षं हेच सांगत होते. 1987 साली आलेल्या 'द आर्ट ऑफ द डील' या पुस्तकातही स्वीडनच छापलंय. आता संशोधक म्हणून तुम्ही काय कराल? पुस्तक छापील आहे, सांगणारा घरातलाच आहे, म्हणजे खरं? इथेच थांबायचं आणि कागदाकडे जायचं.

वंशावळीच्या कामात चालायचं ते उलटं. जे नक्की माहीत आहे तिथून एकेक पायरी मागे. फ्रेड यांचा जन्म ऑक्टोबर 1905 चा, न्यूयॉर्कचा. म्हणजे आईवडील तेव्हा अमेरिकेत होते. 1910 च्या अमेरिकन जनगणनेत ते सापडतात, आणि जन्मस्थान लिहिलंय जर्मनी. स्वीडन इथेच गळालं. पण 'जर्मनी' एवढ्याने आपलं काहीच भागत नाही, हे नीट लक्षात घ्या. 1871 च्या आधी जर्मनी नावाचं एकसंध राज्यच नव्हतं. बव्हेरिया होतं, प्रशिया होतं, वुर्टेंबर्ग होतं, आणि नोंदी ठेवायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. शिवाय नोंदी गावाच्या पातळीवर असतात. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला गेलात तर उपाध्ये आधी आडनाव आणि मूळ गाव विचारतात, मगच वही उघडतात. तिथेही तसंच. गाव सापडेपर्यंत सगळं अडून राहतं.

या घराण्याचं गाव काल्श्टाट, पॅलाटिनेट भागातलं, द्राक्षमळ्यांचं. फ्रेड यांचे वडील फ्रीड्रिश इथे 14 मार्च 1869 ला जन्मले. तेव्हा हा भाग बव्हेरियाच्या राजाच्या ताब्यात होता. (गंमत बघा, केचपवाल्या हाइन्झचे वडीलही याच गावचे.) इथून माणसं का जात होती? एक मोठं कारण आपल्याला परकं वाटणार नाही: वाटण्या. या भागात जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटली जायची, त्यामुळे दोन-तीन पिढ्यांत मळ्याचे तुकडे होऊन पोट भरेना. फ्रीड्रिशचे वडील 1877 मध्ये वारले. मुलगा फ्रांकेनथालला न्हाव्याकडे शिकाऊ म्हणून राहिला आणि ऑक्टोबर 1885 मध्ये, सोळा वर्षांचा असताना, ब्रेमेनहून 'आयडर' बोटीने न्यूयॉर्कला निघाला. मोठी बहीण आधीच तिथे होती. एक जण जातो, मग मागून बाकीचे जातात. स्थलांतराच्या अभ्यासात याला साखळी-स्थलांतर म्हणतात.

आता साधनांचा मुद्दा, आणि तो रंजक आहे. जर्मन लोक बहुतेक दोन बंदरांतून निघायचे, हॅम्बर्ग आणि ब्रेमेन. हॅम्बर्गच्या प्रवासी याद्या 1850 पासून बऱ्यापैकी शाबूत आहेत. ब्रेमेनच्या मात्र जवळजवळ गेल्या. जागा नाही म्हणून तिथल्या अधिकाऱ्यांनी जुन्या याद्या दर काही वर्षांनी नष्ट केल्या, आणि उरलेल्यांपैकी पुष्कळ दुसऱ्या महायुद्धात गेल्या. त्यामुळे ब्रेमेनहून निघालेला माणूस शोधायचा तर निघालेल्या टोकाला नाही, पोचलेल्या टोकाला शोधावा लागतो. न्यूयॉर्कची आगमनाची यादी उघडली की हा मुलगा दिसतो. नाव 'फ्रीड्र. ट्रम्फ', व्यवसाय 'काही नाही'.

ही एक ओळ दोनदा वाचा. आडनावात एक अक्षर जास्त आहे, आणि व्यवसाय तर चुकीचाच म्हणायला हवा, कारण मुलगा न्हावीकाम शिकून आला होता. म्हणजे प्राथमिक साधन आहे म्हणून त्यातलं प्रत्येक अक्षर खरं, असं नसतं. कारकुनाने काय ऐकलं, कुणाला विचारलं, रकाना का भरला, हे तुम्हीच बघायचं.

आडनावावरून आणखी एक. 'एलिस आयलंडवर साहेबांनी आमचं नाव बदललं' ही कहाणी अमेरिकेत घरोघरी ऐकायला मिळते. एलिस आयलंड उघडलं 1 जानेवारी 1892 ला. 1885 मध्ये माणसं कॅसल गार्डनला उतरत होती. आणि उतरवून घेणारे अधिकारी नावं नव्याने लिहीत नसत, बोटीवरून आलेल्या यादीशी ताडून बघत. या घराण्याचं नाव अमेरिकेत येऊन 'ड्रम्फ'चं 'ट्रम्प' झालं असंही बोललं जातं. पण फ्रीड्रिशच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून गावात नाव ट्रम्प असंच होतं.

पुढची अडचण जनगणनेची. 1890 ची अमेरिकन जनगणना 1921 च्या आगीनंतर जवळपास सगळी नाहीशी झाली. 1885 ला आलेला माणूस त्यामुळे 1900 च्या आधी जनगणनेत भेटतच नाही. ही पंधरा वर्षं शहरांच्या डिरेक्टऱ्या, जमिनीचे दस्त आणि नागरिकत्वाचे कागद यांवर काढावी लागतात. फ्रीड्रिश 1892 मध्ये सिअ‍ॅटलला अमेरिकन नागरिक झाला.

आता या सगळ्यातला माझ्या मते सर्वात बोलका कागद. पैसा कमावून फ्रीड्रिश 1901 मध्ये गावी परतला, 1902 मध्ये गावातल्याच मुलीशी लग्न केलं, तिला न्यूयॉर्कला नेलं. पण तिला तिथे करमेना. 1904 मध्ये बायको आणि मुलीला घेऊन तो कायमचा राहायला परत आला. अधिकाऱ्यांनी जुनं दप्तर काढलं. सोळाव्या वर्षी गेला, सैन्यात भरती व्हायच्या आधी गेला, आणि जाताना कळवलंही नाही. रीतसर जाणाऱ्याचा अर्ज दप्तरात सापडतो, याचा नव्हता. जो कागद कधी तयारच झाला नाही, त्याने वीस वर्षांनी त्याला गाठलं. 1905 मध्ये देश सोडायचा हुकूम निघाला. त्याने बव्हेरियाचे राजप्रतिनिधी प्रिन्स लुइटपोल्ड यांना विनवणीचं पत्र लिहिलं. उपयोग झाला नाही. उन्हाळ्यात कुटुंब पुन्हा न्यूयॉर्कला निघालं तेव्हा बायको गरोदर होती. ऑक्टोबरात जन्मला तो फ्रेड. हा हुकूम 2016 मध्ये इतिहासकार रोलांड पॉल यांना तिथल्या दप्तरात सापडला आणि जगभर छापून आला.

म्हणजे ज्याने पुढे 'आम्ही स्वीडिश' असं सांगितलं, तो जर्मनीत जन्मता जन्मता राहिला होता.

मग खोटं का सांगितलं? इथे 'खोटं' हा शब्द लिहून मोकळे होऊ नका, गाईड पहिल्यांदा तोच खोडतील. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जर्मन असणं अवघड झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर तर न्यूयॉर्कमध्ये घरं भाड्याने देणाऱ्या माणसाला, ज्याचे कितीतरी भाडेकरू ज्यू होते, जर्मन मूळ सांगणं परवडणारं नव्हतं. कुटुंबातल्याच लोकांनी पुढे असंच कारण दिलंय. तेव्हा स्वीडनची गोष्ट टाकून देऊ नका. ती 1869 बद्दल काही सांगत नाही, 1945 नंतरच्या न्यूयॉर्कबद्दल पुष्कळ सांगते. प्रबंधात तिची जागा दुसऱ्या प्रकरणात आहे, इतकंच.

कुणाला या विषयात खरंच उतरायचं असेल तर जर्मन भाषेच्या आधी कुरेंट लिपी शिकायला घ्या. मोडी शिकलेल्यांना कल्पना येईल: भाषा येते पण पान वाचता येत नाही, तसलाच प्रकार. चांगली बातमी अशी, की ऱ्हाइनच्या पश्चिमेला, म्हणजे काल्श्टाटच्या बाजूला, फ्रेंच राजवटीमुळे 1798 पासूनच जन्म, लग्न, मृत्यू यांच्या सरकारी नोंदी सुरू झाल्या; सगळ्या जर्मन साम्राज्यात त्या 1876 ला आल्या. त्याच्या मागे जायचं असेल तर चर्चच्या वह्या. त्यात सुरुवात बाप्तिस्म्याच्या पानांपासून नको, लग्नाच्या पानांपासून करा. लग्नाच्या नोंदीत बहुधा दोन्हीकडच्या वडिलांची नावं आणि गावं मिळतात, एका पानात दोन घरं पुढे सरकतात.