हेलसिंकी ते टोकियो: अंतर तेच, वाट बदलली

फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि टोकियो यांच्यात सरळ मोजलं तर जेमतेम ७,८०० किलोमीटर. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा, तो जवळजवळ सगळा रशियावरून जातो. सपाट नकाशावर हीच वाट उत्तरेकडे फुगलेली, उगाच लांब दिसते. प्रत्यक्षात सर्वांत जवळची तीच. म्हणून तर फिनएअरची विमानं साडेनऊ-दहा तासांत जपानला पोहोचत.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्ध पेटलं, रशियाने युरोपीय विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि तोच प्रवास तब्बल १३ तासांवर गेला. आता वाटा दोन. एक दक्षिणेची, कझाकस्तान-चीनवरून. दुसरी अलास्का आणि उत्तर ध्रुवावरून. निवड ठरते वाऱ्यावर. मध्य अक्षांशांवर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान झोत वाहतात. जपानला जाताना ते पाठीशी असतात, परतताना तोंडावर. त्यामुळे टोकियोहून निघालेलं विमान अनेकदा ध्रुवाकडे वळतं.

मला यात सर्वांत विलक्षण वाटतो तो इतिहास. १९८३ मध्ये सोव्हिएत आकाश टाळण्यासाठी याच कंपनीने हेलसिंकी-टोकियो थेट उड्डाण सुरू केलं होतं, तेही उत्तर ध्रुवावरूनच! तेव्हाही जवळपास १३ तासच लागत.