अदृश्य ऊन – ११ : लिंबू आणि बावची

सनस्क्रीनच्या बाटलीवरचे आकडे या आठवड्यात उलगडायचं मी कबूल केलं होतं. ते आता पुढच्या गुरुवारी. मधल्या काळात सांगलीहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आणि त्यांनी नेमकं माझ्या लाडक्या विषयाचं दार ठोठावलं. आकडे काय, आठवडाभर थांबतील.

पत्रातली हकिगत अशी. मे महिन्यात त्यांच्या घरी दोघी जावांनी लोणच्याची लिंबं चिरायला घेतली. धाकटी गच्चीवर बसली, थोरली आत स्वयंपाकघरात. दिवसभर काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी रात्री धाकटीच्या हातांची आग सुरू झाली, तिसऱ्या दिवशी बोटांच्या पाठीवर फोड आले. फोड बसले, तर खाली मनगटापासून कोपरापर्यंत ओघळावेत तसे तपकिरी पट्टे उरले. घरात कुणी म्हणालं ॲलर्जी, कुणाला वाटलं तेल उडालंय आणि ही लपवतेय. "लिंबं दोघींनी चिरली, मग भोगलं एकीनेच, असं का?" हा त्यांचा प्रश्न.

मी डॉक्टर नाही, टपालाने निदान करत नाही. पण वर्णन अगदी पाठ्यपुस्तकातलं आहे. लिंबाच्या सालीतल्या तेलात, आणि थोड्या प्रमाणात रसातही, फ्युरोकुमारिन गटातली द्रव्यं असतात. सोरालेन हे त्यातलं मूळचं, बाकीची त्याची भावंडं. नुसती अंगाला लागली तर ती काहीही करत नाहीत. अंधारात बसून तुम्ही पोतंभर लिंबं चिरा, हात फक्त चुरचुरतील. पण त्वचेत मुरलेल्या सोरालेनवर उन्हातले यूव्हीए (अतिनील) किरण पडले की चित्र पालटतं. हे तेच किरण, ज्यांना आपण गेल्या आठवड्यात खिडकीच्या काचेतून आत येताना पाहिलं. म्हणजे लिंबू हाताला लावून मोटारीच्या बंद काचेशी बसलात तरी पूर्ण सुटका नाही.

सोरालेनचा रेणू सपाट असतो, तीन कडी एका ओळीत जोडलेली. इतका सपाट की पेशीच्या केंद्रात डीएनएच्या पायऱ्यांमधल्या फटीत तो सहज सरकून बसतो. तिथे त्याने यूव्हीएचा एक कण गिळला की शेजारच्या थायमिन या डीएनएच्या घटकाशी त्याचा पक्का बंध जुळतो. दुसरा कण मिळाला तर समोरच्या धाग्यावरच्या थायमिनशीही जुळतो. आता दोन्ही धागे एकमेकांना शिवले गेले. पेशीला विभागायचं तर धागे सुटे व्हायला हवेत, आणि ते होत नाहीत. अशा पेशी मरू लागतात, कातडीत दाह उठतो.

हा सगळा प्रकार सावकाश चालतो, आणि घरातल्यांचा संशय भलतीकडे जातो तो त्यामुळेच. नुसत्या उन्हाने होरपळलेली त्वचा बारा ते चोवीस तासांत सर्वाधिक लाल होते. लिंबू-उन्हाची आग बहुधा चोवीस तासांनंतर डोकं वर काढते आणि दोन-तीन दिवसांनी कळसाला पोचते. तोवर लिंबांची आठवणही राहिलेली नसते. खाज फार नसते, आग असते. आणि डागाचा आकार रसाच्या वाटेने जातो: ओघळ, थेंब, बोटांचे ठसे. लिंबाचं सरबत करताना आईने मुलाला दंडाला धरलं आणि पोर उन्हात खेळायला गेलं, तर त्याच्या दंडावर तिच्या पंजाची खूण उमटू शकते. पाश्चात्त्य देशांत अशा खुणांवरून आईबापांनी मुलाला मारहाण केल्याचा संशय घेतला गेल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

ही ॲलर्जी नव्हे. ॲलर्जीत शरीराची आधीची ओळख लागते. ती एकाला होते, दुसऱ्याला होत नाही. इथे द्रव्य पुरेसं, ओल पुरेशी आणि ऊन पुरेसं असेल तर कुणालाही, पहिल्याच वेळी हे होईल. घामाने ओलसर कातडीत द्रव्य अधिक शिरतं. तेव्हा धाकट्या जाऊबाईंची कातडी नाजूक वगैरे काही नाही. त्या फक्त गच्चीवर बसल्या. डाग जातील, पण काही आठवडे, कदाचित काही महिने घेतील. तोवर हात झाकून उन्हात जावं, आणि फोड पुन्हा आले तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवताना लिंबांचा उल्लेख आवर्जून करावा. ऊन सगळे सांगतात, लिंबू कुणी सांगत नाही.

आपल्याकडे याला एक खास घरगुती पैलू आहे आणि तो मला फार खुपतो. उन्हाने रापलेला चेहरा 'उजळायला' लिंबाची फोड चोळायची, हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. आपलं कागदी लिंबू परदेशातल्या मोठ्या पिवळ्या लिंबापेक्षा या बाबतीत अधिक तापट. ते गालाला चोळून मुलगी अकराच्या उन्हात स्कूटरवरून कॉलेजला निघाली, तर ज्या काळेपणासाठी हा खटाटोप त्याच्या दुप्पट काळेपणा ती विकत घेते. असे सल्ले देणाऱ्यांना एकदा भर दुपारी गच्चीवर बसवावं, असं मला वाटतं.

लिंबू एकटं नाही. पुरंदरच्या अंजीर बागांत पानं-फांद्या तोडताना जो पांढरा चीक हाताला लागतो त्यातही सोरालेन आणि त्याचं भावंड बर्गाप्टेन असतं. चिकात प्रथिनं पचवणारं एक विकरही आहे, त्यामुळे तिथे दुहेरी मार बसतो: एक लगेच चुरचुरणारा, दुसरा उन्हाची वाट पाहणारा. सेलरी, पार्सनिप, बर्गामोट हीही त्याच पंगतीतली. बर्गामोटचं तेल अत्तरांत सर्रास पडत असे तेव्हा युरोपात बायकांच्या मानेवर अत्तराच्या ओघळाचे तपकिरी डाग उमटत.

झाडं हा उद्योग आपल्यासाठी करत नाहीत हे उघड आहे. पान कुरतडणाऱ्या अळ्या आणि बुरशी यांच्याविरुद्धचं ते हत्यार आहे, उन्हावर चालणारं. आणि अळ्यांनीही तोड काढलेली आहे. काही अळ्या पानाची सुरळी करतात, आत शिरतात आणि अंधारात निवांत जेवतात. अतिनील किरण आत पोचत नाहीत, विष निकामी. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा संध्याकाळभर भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

आता बावची. काष्ठौषधींच्या दुकानात काळपट, चपटं, किंचित कडवट वासाचं बी मिळतं ते. कोडाच्या डागांवर बावची लावायची किंवा पोटात घ्यायची आणि डाग उन्हात धरायचे, हा आयुर्वेदातला जुना उपचार. नाईलकाठीही हेच चाललं होतं, वनस्पती वेगळी. तिथे ओव्यासारख्या दिसणाऱ्या अम्मी माजुस या रानटी झुडपाची बी वापरत. तेराव्या शतकातल्या इब्न अल-बैतारने आपल्या औषधीग्रंथात उत्तर आफ्रिकेतल्या एका बर्बर टोळीकडे हे गुपित असल्याची नोंद केलेली आहे. दोन दूरच्या प्रदेशांत, दोन वेगळ्या कुळांतल्या वनस्पती, आणि दोन्हींच्या पोटी सोरालेनचं घराणं. वनस्पती शोधणं एक वेळ समजू शकतो. पण औषध लावून वर उन्हात बसायचं हे ज्याला सुचलं, त्याच्या निरीक्षणाला मी मानतो. कदाचित त्यानेही आधी हातावर फोडच आणून घेतले असतील.

बावचीतून सोरालेन वेगळं काढलं ते भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी. जोइस, मंजुनाथ आणि वेंकटराव यांचा निबंध 1933 चा. इजिप्तमध्ये 1940 च्या दशकाच्या अखेरीस अम्मीपासून मेथॉक्सीसोरालेन वेगळं झालं आणि कैरोच्या अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी ते कोडाच्या रुग्णांवर पद्धतशीर वापरून पाहिलं. थोड्याच वर्षांत गोळ्या अमेरिकेत पोचल्या. तिथे त्यांचा जो एक उपयोग झाला तो कुठल्याही वैद्याच्या स्वप्नात आला नसता.

जॉन हॉवर्ड ग्रिफिन हा टेक्सासचा गोरा लेखक. वर्णभेदाच्या राज्यांत काळ्या माणसाला काय जगणं वाट्याला येतं ते आतून पाहायचं म्हणून 1959 साली त्याने न्यू ऑर्लिन्समधल्या एका त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली कोडावरच्या याच गोळ्या घेतल्या. ज्या उपचाराला एरवी आठवडे लागतात तो त्याने काही दिवसांत उरकला, दिवसाकाठी पंधरा-पंधरा तास अतिनील दिव्याखाली पडून. रंग सगळीकडे सारखा बसेना तेव्हा वरून रंगही लावला, डोकं भादरलं, आणि लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जियातून काही आठवडे हिंडला. त्यातून 'ब्लॅक लाइक मी' हे पुस्तक 1961 मध्ये आलं. पुस्तक निघण्याआधीच, ही हकिगत बाहेर येताच, गावकऱ्यांनी त्याचा पुतळा फासावर टांगला होता. पुढे 1980 मध्ये तो वारला तेव्हा त्या गोळ्यांनी त्वचेचा कर्करोग झाला अशी वदंता उठली. ती खोटी. त्याला मधुमेहाने नेलं. माणूस तोच, लेखणी तीच. त्वचेत मेलॅनिन थोडं वाढलं आणि हॉटेलात पाणी प्यायची जागा बदलली.

दवाखान्यात या विद्येला खरी प्रतिष्ठा मिळाली 1974 मध्ये. हार्वर्डच्या पॅरिश, फिट्झपॅट्रिक, टॅननबाउम आणि मूळचे भारतीय असलेले मधू पाठक यांनी सोरायसिसच्या रुग्णांना आधी गोळी, दोनेक तासांनी मोजून-मापून यूव्हीए, असा उपचार देऊन तो प्रसिद्ध केला. 'पुव्हा' हे त्याचं नाव. इथे पेशींची वाढ थोपवणं हाच हेतू होता, कारण सोरायसिसमध्ये कातडीच्या पेशी अवाच्या सवा वेगाने वाढतात. म्हणजे सांगलीच्या गच्चीवर जे अपघाताने घडलं तेच इथे हिशेबाने. हिशेबाची किंमतही होती. गोळी घेतल्यावर मळमळ, दिवसभर काळा चष्मा. अमेरिकेत या उपचाराच्या 1,380 रुग्णांवर कित्येक वर्षं नजर ठेवली गेली, त्यात उपचारांच्या खेपा वाढतील तसं त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाचं प्रमाण वाढताना दिसलं. डीएनए शिवायचा म्हटल्यावर हे ओघानेच आलं.

आपल्याकडे दिवा परवडत नसे तिथे ऊन वापरलं गेलं: गोळी, मग नेमून दिलेली मोजकी मिनिटं ऊन. ही मिनिटं फार महत्त्वाची. "लवकर रंग यावा" म्हणून बावचीचं तेल चोळून तासभर उन्हात बसलेले आणि फोड घेऊन आलेले रुग्ण त्वचारोगतज्ज्ञांच्या चांगलेच ओळखीचे आहेत. (सध्या सीरमच्या बाटल्यांवर मिरवणारं बाकुचिऑल बावचीचंच, पण तो रेणू वेगळा आहे, सोरालेन नव्हे.) कोडासाठी आता पुव्हा मागे पडला आहे. 1997 मध्ये ॲमस्टरडॅमच्या वैद्यांनी दाखवलं की यूव्हीबीतला 311 नॅनोमीटरच्या आसपासचा चिंचोळा पट्टा कुठल्याही गोळीशिवाय काम करतो. मोठ्या गावांतल्या दवाखान्यांतली उभी दिव्यांची कपाटं बहुतेक त्याच प्रकाशाची असतात.

उपचार लागू पडला की डागात रंग कसा येतो, हे पाहण्यासारखं असतं. पांढऱ्या डागात आधी तपकिरी ठिपके उमटतात, मग ते पसरत एकमेकांना मिळतात. प्रत्येक ठिपक्याच्या मध्ये एक केस असतो. वरच्या कातडीतल्या रंगपेशी गेलेल्या असल्या तरी केसाच्या मुळाशी त्यांचा राखीव साठा बऱ्याचदा शाबूत राहतो, आणि प्रकाशाने चाळवलेल्या पेशी तिथून वर चढून आजूबाजूला पसरतात. म्हणूनच चेहऱ्यावरचे डाग चांगले भरतात आणि ओठांवरचे, बोटांच्या टोकांवरचे भरत नाहीत. तिथे केसच नाहीत. डागातले केस पांढरे झाले असतील तर साठाही संपला असं समजतात. तेव्हा मांडीवरची कागदासारखी पातळ कातडी काढून तिच्यातल्या रंगपेशी डागावर रुजवायच्या, एवढाच मार्ग उरतो. आपल्या देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांचा या शस्त्रक्रियेत चांगला हातखंडा आहे, मात्र डाग पसरायचा थांबून बराच काळ लोटल्याशिवाय ते तिला हात घालत नाहीत.