प्लॅस्टरच्या आतील स्नायूंची निगा

पांढुर्णा-सौंसर परिसरातील स्त्रीचे हात क्वचितच रिकामे असतात. कापसाची वेचणी, संत्र्यांची तोडणी, गुरांचे चारापाणी आणि घरचा स्वयंपाक, सारा भार त्यांच्यावरच. पन्नाशीच्या उंबरठ्यावरील अशी स्त्री ओल्या अंगणात घसरते, हात टेकून पडते आणि मनगटाचे हाड मोडते. डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली वर्णिलेला हा अस्थिभंग रजोनिवृत्तीनंतर विशेष आढळतो. सुमारे सहा आठवड्यांत हाड बहुधा सांधते. परंतु प्लॅस्टर निघाल्यावर कणीक मळवत नाही, भरलेली बादली उचलवत नाही. हाड जुळले, पण हात परत मिळाला नाही, अशी ही अवस्था होय.

याचे कारण काय? न वापरलेल्या स्नायूत नवी प्रथिने घडण्याचा वेग मंदावतो आणि मज्जासंस्थेकडून येणारी चेतनाही क्षीण होते. म्हणून आकारापेक्षा शक्ती लवकर घटते. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी तरुणांचा पाय प्लॅस्टरमध्ये ठेवला होता. चौदा दिवसांत मांडीचा स्नायू सुमारे ८ टक्के रोडावला. शक्ती मात्र २३ टक्के घटली. तरुणांची ही स्थिती, तर इस्ट्रोजेन कमी झालेल्या मध्यमवयीन स्त्रीजवळ मुळात शिल्लकच थोडी असते.

ही हानी बरीचशी टाळता येते. प्लॅस्टरबाहेरील बोटे, कोपर व खांदा पहिल्या दिवसापासून दर काही तासांनी हलवावेत. डॉक्टरांच्या अनुमतीने सांधा न हलवता आतील स्नायू पाच सेकंद आवळून सैल सोडावेत. निरोगी हाताच्या व्यायामाचा काही लाभ जायबंदी हातालाही पोहोचतो. नुसती कल्पनाही उपयोगी पडते : अमेरिकेतील ओहायो विद्यापीठाच्या २०१४ च्या अभ्यासात चार आठवडे मनगट बांधलेल्यांची शक्ती सुमारे ४५ टक्के घटली, मनगटाचे स्नायू जोराने आवळल्याची मनोमन कल्पना नियमित करणाऱ्यांची हानी जवळजवळ निम्मी होती.

आहारात दोन्ही वेळा घट्ट वरण, उसळ, दूध-दही, शेंगदाणे किंवा अंडी असावीत. घरातील सर्वांना वाढून उरलेले खाण्याची सवय या काळात तरी मोडावी. ड जीवनसत्त्व व कॅल्शियम तपासणीनुसार घ्यावे.

मात्र बोटे काळीनिळी वा बधिर होणे, बोटे ताणताच असह्य वेदना होणे ही धोक्याची लक्षणे होत. अशा वेळी व्यायाम थांबवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

आपण वैद्यकीय व्यावसायिक प्लॅस्टर घालून ‘सहा आठवड्यांनी या’ असे सांगतो. त्याच चिठ्ठीवर व्यायामाच्या चार ओळी लिहिल्या, आणि घरच्यांनी त्या रोज करवून घेतल्या, तर कापसाच्या बोंडावर तोच हात पूर्वीच्या सफाईने फिरू शकेल.