भाव तुम्ही बघता, तुम्हाला कोण बघतं?
रावेरच्या केळीचा भाव शोधा की धुळ्याहून सुटणाऱ्या एसटीची वेळ, आयपी पत्ता, ब्राउझरचं नाव, भाषा, स्क्रीनचा आकार एवढं वेबसाइटला कळतंच. स्वस्त फोनवर एकेकाळी सर्रास दिसणारा यूसी ब्राउझर त्याहून उदार! टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने मे २०१५मध्ये दाखवून दिलं, की त्याच्या इंग्रजी आवृत्तीतून तुम्ही शोधलेले शब्द एन्क्रिप्शनविना जात होते; चिनी आवृत्तीतून तर फोनची ओळख पटवणारा आयएमईआय क्रमांकही. २९ जून २०२० रोजी भारताने बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅपमध्ये हा ब्राउझरही होता. ब्राउझरमधल्या ‘इन्कॉग्निटो’ या खासगी मोडवरही फार विसंबू नका. त्याने फोनमधली नोंद तेवढी पुसली जाते. कोणत्या साइटवर गेलात हे सिमकंपनीला सहसा दिसतंच. साइटला दिलेली लोकेशनची परवानगी मात्र सेटिंगमध्ये जाऊन काढून घेता येते.